वाय अक्षाचा बेल्ट किती ताणायचा? (मावळ्याचं मुंडकं सरकतंय)

फावला_वेळ | शनिवार, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सुटे भाग जमवून घरीच थ्रीडी प्रिंटर जोडला. आय३ पद्धतीचा, म्हणजे बेड (ज्या पाटावर वस्तू छापली जाते तो) वाय अक्षावर पुढे-मागे धावतो तो. २०२० एक्सट्रुजनची (२० बाय २० मिमी ॲल्युमिनियम पट्ट्यांची) चौकट, पाच नेमा १७ मोटारी (पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर), एक्स आणि वाय दोन्हीकडे २० दाती पुली आणि ६ मिमी रुंदीचा जीटी२ बेल्ट (दर २ मिमीवर दाता असलेला). वर्षभर गुण्यागोविंदाने चालला.

मागच्या महिन्यात वायचा बेल्ट क्लॅम्पपाशी तुटला. बाजारातल्या एका स्पेअरपार्टवाल्याकडे "२ एमएमचा बेल्ट द्या" म्हटलं, त्याने रिळातून दीड मीटर कापून दिला. तो बसवला आणि तेव्हापासून साडेसाती सुरू आहे. लेकीला दिवाळीच्या किल्ल्यासाठी तीस मावळे हवेत. आतापर्यंत सहा छापले, त्यांतल्या चौघांचं मुंडकं खांद्यावरून मागे सरकलेलं. एकाची ढाल तर हातापासून सुटी, हवेत.

बेल्ट सैल असेल म्हणून ताणला, तर प्रकार वाढला. आता बेड हाताने सरकवला तरी खरखर लागते. नक्की किती ताणायचा असतो? कुणी म्हणतं गिटारच्या तारेसारखा, कुणी म्हणतं नुसता झोळ काढा. मला आता बेल्टचं नाही, माझंच टेन्शन मोजायची वेळ आली आहे.

माग_मिस्त्री | शनिवार, रात्री ११:२०

इचलकरंजीत पस्तीस वर्षं माग दुरुस्त केले. पट्टा ताणायला यंत्र लागत नाही, अंगठा लागतो. दोन पुलींच्या मधोमध दाबायचा. बोटभर खाली गेला तर सैल, अजिबात गेला नाही तर जादा. एवढंच हाय बघा.

भोसरी_टर्नर | शनिवार, रात्री ११:५२

काका, तो व्ही-बेल्टचा हिशेब. व्ही-बेल्ट खोबणीत घट्ट बसून घर्षणावर ओढतो, ताण कमी पडला की घसरतो, म्हणून तिथे कचकचून लागतो. हा दात्यांचा बेल्ट आहे. ओढण्याचं काम दाते करतात. त्यामुळे ताण दोनच गोष्टींपुरता हवा: दाता पुलीवरून उडी मारू नये, आणि दिशा बदलताना ढिलाई जाणवू नये. त्यापुढे ताणलात की फायदा शून्य, मार मोटारीच्या पुढच्या बेअरिंगला आणि आयडलरच्या (बेल्ट दुसऱ्या टोकाला वळवणाऱ्या मोकळ्या पुलीच्या) त्या इवल्याशा ६२३ बेअरिंगला. १० मिमी व्यासाचं बेअरिंग ते, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

धागाकर्ते, ताणायच्या आधी एक काम करा. बिघडलेला मावळा व्हर्नियरखाली घ्या आणि मुंडकं नेमकं किती सरकलंय ते मोजा. "थोडंसं" असं सांगू नका, आकडा द्या.

फावला_वेळ | रविवार, सकाळी ८:०५

मोजलं. दोघांचं २.० च्या आसपास, एकाचं ४.०, ढालवाल्याचं परत २.०. पण याने काय कळणार?

भोसरी_टर्नर | रविवार, सकाळी ९:३१

बरंच कळतं. तुमची मोटार एका फेऱ्यात २०० पूर्ण पावलं टाकते. २० दाती पुली, २ मिमी पिच (दोन दात्यांमधलं अंतर), म्हणजे एका फेऱ्यात ४० मिमी. एक पाऊल ०.२ मिमीचं. मोटार दमून पावलं चुकते तेव्हा एकेक चुकत नाही, चुंबकीय रचनेमुळे चार-चारच्या पटीत चुकते. म्हणजे सरक ०.८, १.६, २.४ अशी दिसते. उलट बेल्टचा दाता पुलीवरून उडाला तर सरक २, ४, ६ मिमी. (४ दोन्हीत येतं, तेव्हा एकाच मापावर निकाल द्यायचा नाही.) तुमचे तीन मावळे २.० सांगतायत. मोटार, ड्रायव्हर (मोटार चालवणारं सर्किट), करंट या भानगडीत आत्ता पडूच नका. दाता उडतोय.

संत्रानगरी | रविवार, सकाळी ९:४८

हे ०.८ चं गणित कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन ड्रायव्हर फुकट बदलले नसते. दंडवत.

धागाकर्ते, बेल्ट धरणारा क्लॅम्प कशाचा आहे? माझा पीएलएचा (छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचा) छापलेला होता. नागपूरचा मे महिना, वरून ६० अंशांवर तापलेला बेड डोक्यावर. स्क्रू जिथल्या तिथे, पण प्लास्टिकच हळूहळू वाकलं आणि बेल्ट रोज थोडा सैल. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि कायम ताणाखाली असेल तर त्याच्या आधीच हात टेकतं. पीईटीजीचा (जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) छापला, तेव्हापासून गुमान आहे.

फावला_वेळ | रविवार, सकाळी १०:१५

क्लॅम्प ॲल्युमिनियमचा आहे. मोटारीची पुलीही तपासली, दोन्ही ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला आवळणारे) घट्ट, एक शाफ्टच्या सपाट बाजूवर बरोबर बसलाय. १.५ ची एलन की वाकेपर्यंत आवळून बघितलं.

लॅबवाल्या_बाई | रविवार, सकाळी ११:४०

शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये मुलांना हेच पहिल्यांदा शिकवते: मार्करने पुली आणि शाफ्ट यांच्यावर एकाच वेळी एक आडवी रेघ मारायची. काम बिघडलं की रेघ बघायची. तुटली तर पुली फिरलीय, अखंड असेल तर दोष पुढे शोधायचा. आवळत बसायला नको.

बेल्ट बसवताना आमच्याकडे हमखास होणाऱ्या चुकाही सांगून ठेवते. कागदाच्या कात्रीने कापतात, मग टोकाला काचतंतूंची मिशी निघते आणि ती बोटात जाते. नवं पातं घ्यावं, दोन दात्यांच्या मधल्या खाचेत ठेवावं, एकदाच दाबावं. दुसरं, बेल्ट घडी घालून दप्तरात कोंबतात. आतले तंतू काचेचे आहेत, घडीच्या जागी ते आतल्या आत तुटतात, वरून काही दिसत नाही आणि दोन महिन्यांनी नेमका तिथेच बेल्ट जातो. तुमचा जुना क्लॅम्पपाशीच तुटला ना? तिथे टोकदार वळण होतं का, बघा.

षड्ज | रविवार, दुपारी १:१०

ताण "किती" हा प्रश्न तसाच लोंबकळतोय, म्हणून लिहितो. अंगठ्यापेक्षा कान बरा. ताणलेला बेल्ट छेडला की वाजतो, आणि त्याला तंबोऱ्याच्या तारेचेच नियम लागू. लांबी दुप्पट केली तर स्वर निम्म्यावर. ताण चौपट केला तर स्वर दुप्पट. "गिटारसारखा वाजला पाहिजे" हे अर्धवट आहे ते याचमुळे. किती लांबीचा तुकडा छेडलाय ते सांगितल्याशिवाय स्वराला अर्थ नाही.

व्होरॉन नावाचे घरी जोडायचे प्रिंटर आहेत, त्यांच्या सूचनांमध्ये आकडा दिलाय: १५० मिमी मोकळा बेल्ट ११० हर्ट्‌झला वाजावा. हार्मोनियमवाल्यांसाठी, खर्जातली पांढरी सहा. माझ्याकडच्या एक मीटर ६ मिमी जीटी२ बेल्टचं वजन ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ८ ग्रॅमच्या आसपास भरलं (त्याने मागे-पुढे करून विचारलं, "यात सोनं कुठंय?"). त्यावरून ताण काढला तर सुमारे ९ न्यूटन. म्हणजे बेल्टच्या टोकाला ९०० ग्रॅमचं वजन टांगल्यासारखं. लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी.

व्होरॉनचं यंत्र निराळं, तुमचं निराळं. पण सुरुवातीला हाच आकडा धरा. बेड असा सरकवा की क्लॅम्पपासून आयडलरपर्यंतचा बेल्ट १५० मिमी मोकळा राहील. मोटारी बंद. फोनमध्ये तानपुरा जुळवायचं कुठलंही ॲप लावा, माइक बेल्टजवळ न्या, नखाने छेडा. लांब तुकडा छेडू नका. ३०० मिमीला तोच ताण ५५ हर्ट्‌झ देतो, आणि फोनचा माइक तिथे बहिरा होतो.

माग_मिस्त्री | रविवार, दुपारी १:३५

पट्टा गातोय म्हणा की. मागाचा पट्टा गायला लागला की आम्ही माग बंद करायचो.

डॉर्टमुंडकर | रविवार, दुपारी ३:०२

अवांतर: हा प्रकार जुना आहे. २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप सुरू केला, स्वतःचेच भाग छापणारं यंत्र. सुरुवातीच्या मशीनवर लोक टी५ बेल्ट लावायचे, ५ मिमी पिच, चौकोनी उतरते दाते. तो मूळचा ताकद वाहून नेणारा बेल्ट, नेमक्या जागी थांबायला नव्हे. दिशा बदलली की दाता खोबणीत हलायचा. जीटी२ चा दाता गोलसर आणि खोल, खोबणीत ठासून बसतो, म्हणून आज घरगुती मशीनवर जिकडे तिकडे तोच.

मुद्द्याचं: आयडलर गुळगुळीत आहे का दात्यांचा? बेल्टची दात्यांची बाजू गुळगुळीत आयडलरवरून जात असेल तर प्रत्येक दात्यागणिक धक्का बसतो आणि छापलेल्या भिंतीवर २ मिमी अंतराने सुरकुत्या दिसतात. ताण जास्त तेवढ्या ठळक.

आणि ते कपड्यांच्या चिमट्यासारखे स्प्रिंग बेल्टवर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बेल्ट मुद्दाम लवचिक करायचा आणि मग कोपऱ्यांवर लाटा का उठतात म्हणून विचारायचं.

फावला_वेळ | रविवार, रात्री ९:२६

आयडलर दात्यांचाच आहे. पण सुरकुत्या आहेत! मावळ्याच्या पाठीवर, उजेडात तिरका धरला की दिसतात. मी ते चिलखत समजत होतो.

षड्ज यांच्या पद्धतीने मोजलं. माझा बेल्ट १५० मिमीला १७० च्या वर वाजत होता, म्हणजे दुपटीहून जास्त ताण. टेन्शनरचा स्क्रू सोडत सोडत ११२ वर आणला. बेडची खरखर थोडी कमी झाली, गेली नाही. एक मावळा छापला. कमरेपाशी २ मिमी.

मी आता हरलो. बाकी मशीनमध्ये काहीही बदललेलं नाही. हां, बेल्ट बदलल्यावर वायच्या स्टेप्स (एका मिलिमीटरला मोटारीने किती पावलं टाकायची तो आकडा) तेवढ्या दुरुस्त केल्या होत्या, पण ते मापासाठी, सरकण्याशी त्याचा संबंध नसावा.

भोसरी_टर्नर | रविवार, रात्री ९:४०

थांबा. स्टेप्स "दुरुस्त" म्हणजे? तुमच्या पुलीवर ते गणित ठरलेलं आहे. २०० पावलं गुणिले १६ मायक्रोस्टेप (एका पावलाचे तुकडे), भागिले ४० मिमी, उत्तर ८०. ते मोजून काढायचं नसतं, दाते मोजून येतं. तुम्ही किती केलंत?

फावला_वेळ | रविवार, रात्री ९:५५

७८.७४. नवा बेल्ट टाकल्यावर सगळं वायमध्ये थोडं लांब येत होतं. १०० मिमीची पट्टी छापली, ती १०१.६ भरली. परत छापली, परत १०१.६. मग त्रैराशिक मांडून आकडा टाकला. माप जुळलं, म्हणून विषय सोडून दिला. एक्सच्या स्टेप्स ८०च आहेत आणि तिथे माप बरोबर येतं.

माग_मिस्त्री | रविवार, रात्री १०:३०

१०१.६?

अहो ते चार इंच झाले की. बरोबर चार. आमच्या वक्ताला सगळं इंचात. एक इंच २५.४, चार इंच १०१.६. मशीनला शंभर मिलिमीटर सांगताय आणि ते चार इंच देतंय. तुमचा पट्टा मिलिमीटरचा न्हाई, इंचाचा हाय.

भोसरी_टर्नर | रविवार, रात्री १०:३८

काका. साष्टांग.

एमएक्सएल जातीचा बेल्ट! पिच ०.०८ इंच, म्हणजे २.०३२ मिमी. पन्नास दात्यांना बरोबर चार इंच. जीटी२ चे पन्नास दाते १०० मिमी. दोन्ही काळे, दोन्ही ६ मिमी रुंद मिळतात, आणि दोघांनाही काउंटरवर "२ एमएमचा" म्हणतात. बघून पटकन कळत नाही. एमएक्सएलचा दाता उतरत्या चौकोनासारखा आणि उथळ, जीटी२ चा गोल आणि खोल.

आता सगळं जुळतं. पुलीवर निम्मा वळसा, म्हणजे दहा दाते एका वेळी खोबणीत असायला हवेत. पण बेल्टचा दर दाता ०.०३२ मिमीने पुढे. दहाव्यापर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा मिलिमीटर चुकला. म्हणजे भार दहा दाते वाटून घेत नाहीत, एकदोनच घेतात, बाकीचे कडेवर चढलेले. एक दाता सुटतो, पुढचा कसाबसा पकडतो, दर वेळी बारीक हिसका. तीच खरखर, त्याच सुरकुत्या. आणि बेड जोरात दिशा बदलला की दाता उडाला, मावळ्याचं मुंडकं सरकलं. तुम्ही ताणलंत तसे ते कडेवर चढलेले दाते आणखी रेटले गेले, म्हणून खरखर वाढली. स्टेप्स बदलून तुम्ही माप जुळवलंत आणि नेमका पुरावाच पुसून टाकलात.

षड्ज | रविवार, रात्री १०:५१

मी स्वर लावत बसलो आणि तार चुकीची होती.

फावला_वेळ | सोमवार, रात्री १२:१८

झोप लागेना म्हणून उठलो. तुटलेला जुना बेल्ट सुदैवाने टाकला नव्हता. जुना आणि नवा, दोन्ही ओट्यावर पालथे, टोकाला टोक जुळवून शेजारी शेजारी ठेवले. पहिले दहाबारा दाते जुळे भाऊ. तिसाव्याच्या आसपास एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेसमोर. साठ ओलांडल्यावर परत जुळले, पण तोवर मोजणीत एका अख्ख्या दात्याचा फरक. मग दोन्हींचे दाते एकमेकांत अडकवून बघितले: सुरुवातीचे चारपाच नीट बसले, पुढे बेल्ट उचलला जाऊन कमान झाली.

बायकोने विचारलं रात्री बारा वाजता ओट्यावर रबर का मांडलंय. उत्तर द्यायला पाऊण तास लागला असता, म्हणून दिलं नाही.

मिस्त्रीकाका, तुमच्या अंगठ्याला मी काही बोललो नव्हतो, पण मनात हसलो होतो. माफी.

माग_मिस्त्री | सोमवार, सकाळी ६:१०

हसा की. पुढच्या वेळी पट्टा घेताना पट्टी घेऊन जावा. पन्नास दाते मोजायचे, पट्टीवर धरायचे, मगच पैसे.

लॅबवाल्या_बाई | सोमवार, सकाळी ७:२५

आत्ता लॅबच्या कपाटातली सगळी बंडलं मोजायला घेणार आहे. त्यात एक दोन वर्षांपूर्वीचं आहे ज्यावर कुणीतरी "जीटी?" असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलंय. अक्षर माझंच दिसतंय.

फावला_वेळ | शुक्रवार, रात्री ९:०२

पोचपावती. खरा जीटी२ आला. आधी पन्नास दाते मोजले: १००. मग बसवला. तपशील लिहितो, कुणाला उपयोग झाला तर.

बेड काढला नाही, मशीन आडवं करून खालून काम केलं. आधी एक टोक क्लॅम्पमध्ये, सहा दाते आत जातील असं. बेल्ट पुलीवरून, आयडलरवरून फिरवून परत आणला. टेन्शनरचा स्क्रू आधीच जवळजवळ पूर्ण सोडून ठेवला होता, म्हणजे पुढे ताणायला जागा उरते. (पहिल्यांदा हे उलटं केलं होतं. हाताने कचकचून ओढून बांधला आणि मग स्क्रूला वावच नाही.) दुसरं टोक पक्कडीने नुसता झोळ जाईल इतकं ओढून आवळलं. मग बेड वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत हाताने ढकलला आणि बेल्ट पुलीवर कुठे बसतो ते पाहिलं. एका कडेला घासत होता, पुली शाफ्टवर एक मिलिमीटर आत सरकवली, ग्रब स्क्रू परत आवळले. बाईंची मार्करची रेघही मारली.

क्लॅम्पची उंचीही बघितली. जुन्यात बेल्ट क्लॅम्पपासून आयडलरकडे जाताना दोन-तीन मिलिमीटर तिरका उतरत होता. त्यामुळे बेड एका टोकाला गेला की ताण वाढायचा, दुसऱ्या टोकाला कमी. क्लॅम्पखाली दोन वॉशर घातले, बेल्ट आता रुळाला समांतर. जुना तिथेच का तुटला त्याचं उत्तरही बहुतेक हेच.

ताण: एम३ स्क्रू, अर्धा फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. अर्धा-अर्धा फेरा देत १५० मिमीला १०८ वर थांबलो. दुसऱ्या दिवशी ९९ झाला होता, टोकं क्लॅम्पमध्ये बसली असावीत, पुन्हा १०८ केला, तेव्हापासून हललेला नाही. वायच्या स्टेप्स परत ८०. शंभरची पट्टी ९९.९ भरली.

मावळे अकरा झाले. सगळ्यांची मुंडकी जागेवर, पाठीवर चिलखत नाही. एकोणीस बाकी आहेत आणि वसुबारसेला चार दिवस.

संत्रानगरी | शुक्रवार, रात्री ९:३०

मावळ्याची फाइल मिळेल का? आमच्याकडेही किल्ला चालू आहे, आणि माझा प्रिंटर सध्या शहाण्यासारखा वागतोय.

माग_मिस्त्री | शुक्रवार, रात्री ९:५५

तो इंचाचा पट्टा टाकला का? माझ्याकडं जुना पेन प्लॉटर हाय, त्याच्या पुल्या एमएक्सएलच्या. पट्टा कुठं मिळेना.

फावला_वेळ | शुक्रवार, रात्री १०:०१

८० सेंटीमीटर कोरा आहे, ७० वापरलेला. काका, पत्ता व्यनि करा. घडी न घालता, गुंडाळी करून पाठवतो.